विचारणारा

हसणे एकट्याला येते; हसविणे मात्र एकट्याला साधत नाही. हे मत मी पन्नाशी उलटल्यावर मांडीत आहे, हे प्रथमच सांगून टाकतो. विशीत कोणी मला हे सांगितले असते तर मी त्याची थट्टाच केली असती. कारण त्या वेळी मी स्वतः विनोदी नट होतो, आणि टाळ्यांचा कडकडाट कानांत भरलेल्या नटाला त्या टाळ्यांत दुसऱ्या कोणाचा वाटा असेल, ही शंकाही शिवत नाही. वर्गात शेक्सपिअरच्या शोकांतिका शिकविणारा हा गंभीर गृहस्थ एके काळी फाटका पटका बांधून रंगमंचावर येत असे, हे माझ्या विद्यार्थ्यांना सांगितले, तर त्यांना तोच माझा पहिला यशस्वी विनोद वाटेल.

माझे बालपण केळापूर तालुक्यातील एका लहान गावी गेले. आमच्या गावापासून कोसभरावर कोलामांचा एक पोड होता. कोजागिरी उलटली आणि कापसाची बोंडे फुटू लागली, की त्या बाजूने रात्री ढोलाचा आवाज येई, आणि दिवाळीपर्यंत दंडार चाले. डोक्यावर मोरपिसांचा भलामोठा टोप घातलेला घुसाडी, लुगडी नेसून नाचणारे तरुण, हे सारे डोळे विस्फारून पाहण्यासारखे असेच. पण मी आणि माझा शेजारचा मित्र वाट पाहत असू ती नाच थांबण्याची. नाचणारे दम खायला बसले, की मध्येच एखादे लहानसे सोंग उभे राही. त्याला पडदा नसे, लेखक नसे, तालीमही नसे. एकाने खांद्यावर धोतर टाकले की तो सावकार, आणि दुसरा नुसता उकिडवा बसला की तो कुळ. एक विचारी, दुसरा उत्तर देई, आणि बसलेला सारा पोड हसून लोळे. एका गावची दंडार दुसऱ्या गावी पाहुणी जाई, तेथे जेवे, तेथे नाचे, आणि तेथल्या लोकांना हसवून परत येई. सोयरिकीने जी गावे जोडली जात नाहीत ती हसण्याने जोडली जातात, हे मी तेथे पाहिले. समजले मात्र फार उशिरा.

रात्री घरी परतताना अंधाराची भीती घालविण्यासाठी आम्ही दोघे तीच सोंगे पुन्हा करीत असू. तो विचारी, मी उत्तर देई. ही वाटणी कोणी ठरविली नव्हती. त्याचा चेहरा मूळचाच गंभीर, आणि माझी जीभ मूळचीच आगाऊ. पुढे १९९० च्या सुमारास आम्ही दोघे यवतमाळला महाविद्यालयात शिकायला आलो, एका खोलीत राहिलो, एका स्टोव्हवर भात शिजवू लागलो, आणि ती जुनी वाटणी तशीच चालू राहिली. आमचे एक प्रहसन तेव्हा बरेच गाजले. दुष्काळाची पाहणी करावयास साहेब येतो व शेतकऱ्याला प्रश्न विचारतो, एवढाच त्याचा विषय. साहेब तो, शेतकरी मी. "पीक किती बुडालं?" असे साहेब विचारतो, आणि शेतकरी म्हणतो, "बुडाले पानी लागते, सायेब. पानी आलं असतं तं पीक कायले बुडलं असतं?" या वाक्याला हशा पडला नाही असा एकही प्रयोग मला आठवत नाही. गणपतीच्या दिवसांत आसपासच्या गावांहून आम्हांला बोलावणी येत. बिदागी म्हणजे एस.टी.चे भाडे आणि एक वेळचा वडाभात. त्या वड्याभाताची चव पुढे कोणत्याही मेजवानीला आली नाही.

लिहिणारा मी असे, आणि खोडणारा तो. रात्री मी उत्साहाने चार उत्तरे वाचून दाखवावीत, आणि त्याने त्यांतली तीन काढून टाकावीत, असा आमचा क्रम होता. मी चिडून कारण विचारले तर तो शांतपणे म्हणे, "लोकं हासून रायले असतीन, तवा तुहं आयकन कोन?" आणि एक विलक्षण खोड त्याला होती. प्रश्न विचारून झाला, की तो मान खाली घालून हातातल्या वहीत पाहत राही. माझे उत्तर आले तरी पाही. मग एका श्वासाएवढ्या वेळाने मान वर करून माझ्याकडे नुसता बघे. हशा फुटे तो त्या बघण्यावर. मी मात्र तो माझ्या वाक्याच्या नावे जमा करीत आलो.

एका स्पर्धेत मला उत्कृष्ट विनोदी अभिनयाचे पदक मिळाले. मला, आम्हांला नव्हे. परीक्षकांना दोष देण्यात अर्थ नाही; त्यांनी जे ऐकले त्यालाच पदक दिले. दोष असला तर तो माझा. मी ते एकट्याने जाऊन घेतले, आणि व्यासपीठावरून दोन शब्द बोलताना त्याचे नाव घ्यावयास विसरलो. परतताना एस.टी.त त्याने ते पदक मागितले, तळहातावर तोलले, आणि "पितळ हाय" एवढेच म्हणून हसत परत दिले. मला त्यात मत्सराचा वास आला. आमचे भांडण झाले नाही. झाले असते तर मिटले तरी असते. वर्षभराने मी इंग्रजीच्या एम.ए.साठी नागपूरला गेलो, त्याचे वडील वारले, तो शेतीला लागला. पुढे लग्नाकार्यांत भेटी होत राहिल्या, आणि साहेब-शेतकऱ्याचा तो विनोद मी मित्रमंडळींत स्वतःचा म्हणून सांगत राहिलो.

प्राध्यापकाला एक सोय असते: स्वतःच्या आयुष्यात जे दिसत नाही ते त्याला ग्रंथांत दिसते. संस्कृत नाटकांतील विदूषक हा राजाचा मित्र असतो, सेवक नव्हे, हे मी कित्येकदा शिकविले. आमच्याच विदर्भातील पद्मपूरच्या भवभूतीने आपल्या तिन्ही नाटकांत विदूषक ठेवला नाही, आणि त्याचा राम एकटा रडत राहिला, हेही सांगितले. मराठी विनोदाचे आद्य आचार्य श्रीपाद कृष्ण कोल्हटकर यांनी वऱ्हाडात वकिली करीत असताना सुदामा, बंडूनाना आणि पांडुतात्या हे त्रिकूट निर्माण केले. तीन मित्र का? एकटा सुदामा पुरला नसता का? नसता पुरला. मूर्खपणाला हास्याची पदवी मिळण्यास दुसऱ्या कोणी तो मनावर घ्यावा लागतो.

लॉरेल आणि हार्डी या जगप्रसिद्ध जोडीची गोष्टही अशीच. विनोद रचणे, चित्रफीत जोडणे, हे पडद्यामागचे काम मुख्यतः लॉरेल करी. हार्डीला गोल्फ खेळण्यात अधिक रस. पण लॉरेलने गोंधळ घातला की हार्डी कॅमेऱ्याकडे वळून जे हताशपणे पाही, ते पाहणे किती लांबवावयाचे हे प्रेक्षकांच्या हशाची लांबी पाहून ठरविले जाई. १९५७ साली हार्डी वारला. लॉरेल त्यानंतर १९६५ पर्यंत जगला, पण पुन्हा रंगमंचावर वा पडद्यावर उभा राहिला नाही. हे वाक्य मी वर्गात सांगे, तेव्हा वर्ग क्षणभर स्तब्ध होई. मला मात्र त्यातून स्वतःविषयी काही सुचले नाही.

आपल्याकडे राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकाने असेच मित्र जोडले. निळू फुले पुण्याच्या सैनिकी वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम करीत. राम नगरकरांचा घरचा व्यवसाय न्हाव्याचा. दोघे कलापथकात भेटले आणि शंकर पाटलांच्या 'कथा अकलेच्या कांद्याची' या वगनाट्यात एकत्र उभे राहिले. दादा कोंडके यांनीही उमेदवारी सेवा दलातच केली, आणि वसंत सबनिसांच्या 'विच्छा माझी पुरी करा' या वगाने १९६५ पासून महाराष्ट्र हसविला. वगातले बोलणे पुष्कळदा आयत्या वेळचे असते. समोरच्याने कोणते वाक्य टाकावे याचा नेम नसतो. आपण अडखळलो तर तो सावरील, एवढाच काय तो भरवसा. हा भरवसा म्हणजेच त्या धंद्यातील मैत्री. पुढे १९६८ च्या 'एक गाव बारा भानगडी'नंतर निळूभाऊ पडद्यावरचे खलपुरुष झाले, आणि नगरकर 'रामनगरी' घेऊन एकटेच रंगमंचावर आले.

येथे कोणी विचारील, की नगरकर एकटे उभे राहून हसवू शकले, आमचे बोरी अरबचे लोककवी शंकर बडे 'बॅरिस्टर गुलब्या' एकट्याने रंगवीत, मग दुसरा हवाच कशाला? २०१६ साली बडे गेले. त्यांचा प्रयोग ऐकण्याचा योग मला आला होता. माझे उत्तर असे, की एकपात्री नट दुसऱ्याला काढून टाकीत नाही. तो त्याला प्रेक्षकांत नेऊन बसवितो. ऐकणारा मनातल्या मनात "मंग?" म्हणत असतो, आणि त्या न उच्चारलेल्या प्रश्नासाठी थांबण्याचे भान ज्याला आहे तोच एकटा उभा राहू शकतो. मला ते भान नव्हते. माझ्यासाठी दुसराच कोणी थांबत आला होता.

याचा पुरावा तीन वर्षांपूर्वी मिळाला. स्नेहसंमेलनात प्राध्यापकांनीही काही करावे असा आग्रह झाला, आणि मी ते जुने प्रहसन बाहेर काढले. साहेबाच्या भूमिकेत एक तरुण, हुशार सहकारी. शब्द तेच, पटका तोच, आवाजही फारसा उतरलेला नाही. "बुडाले पानी लागते, सायेब," मी म्हणालो. सहकाऱ्याने तत्परतेने पुढचा प्रश्न विचारला. सभागृहात कोणी खोकले. पुढील दहा मिनिटे मी आयुष्यात विसरणार नाही. त्या रात्री मला झोप आली नाही. तीस वर्षांपूर्वीचे ते खाली घातलेले डोके, ती वही आणि ते उशिराने वर येणारे डोळे सारखे दिसत होते. पदक पितळी आहे असे तो म्हणाला होता. ते मत्सराचे वाक्य नव्हते. आमच्या प्रहसनातले ते एक न लिहिलेले वाक्य होते, आणि मी त्याला उत्तर दिले नव्हते.

तरीही मी लगेच गेलो नाही. लाजेला सबबी पुष्कळ सुचतात. गेल्या दिवाळीत त्याला अर्धांगाचा झटका आल्याचे कळले, तेव्हा मात्र निघालो. तो ओसरीवर बाजेवर बसला होता. उजवा हात मांडीवर निर्जीव पडलेला, तोंड किंचित वाकडे. वहिनींनी चहा ठेवला. मी बोलावयाचे ठरवून आणलेले सारे, पदक, क्षमा वगैरे, त्या अंगणात फार पोकळ वाटू लागले. बराच वेळ आम्ही कापसाच्या भावाविषयी बोललो. म्हणजे मी बोललो. त्याला एकेक शब्द ओढून आणावा लागत होता.

शेवटी मला काय सुचले कोण जाणे. जवळ पडलेली दवाखान्याची वही मी उचलली, उघडली, आणि तिच्यात पाहत दरडावून विचारले, "पीक किती बुडालं?"

उत्तर आले नाही. मी मान खालीच ठेवली. त्यानेच मला हे शिकविले होते, तीस वर्षे उशिरा का होईना. बाज करकरली. वहिनींचा हात चहाच्या कपावर थांबलेला मला दिसत होता. मग अडखळत, तुटत, शब्द आले:

"यंदा... मीच बुडत होतो, सायेब. पन... पानी कमी पडलं."

वहिनी तोंडाला पदर लावून हसू लागल्या, आणि हसता हसता डोळे पुसू लागल्या. तोही हसत होता, अर्ध्या तोंडाने. आता मान वर करून त्याच्याकडे नुसते पाहावयाचे, एवढेच माझे काम उरले होते. पण ते त्याच्याइतक्या वेळेवर मला जमले नाही. वहीतली अक्षरे मला काही केल्या स्पष्ट दिसेनात.