चढ तिरका घ्यावा

रत्नागिरीतल्या आमच्या घराकडे रस्त्यावरून एकदम उभा चढ आहे. जुनी बसकी गाडी सरळ घातली की पुढचा बंपर जांभ्याला घासायचा. मग सगळे उतरायचे, हलकी झालेली गाडी कशीबशी वर जायची. पण अब्बांच्या खुब्याचं ऑपरेशन झालं. त्यांना कसं उतरवणार?

शेजारचे रिक्षावाले चाचा म्हणाले, "सर, तिरकी घ्या. आधी एक चाक चढू द्या, मग दुसरं. पहिला गिअर, घाई नको."

तशी घेतली. घासली नाही.

अब्बा म्हणाले, "बेटा, शाळेतही असंच करतोस ना?"

मी गप्प राहिलो. दुसऱ्या दिवशी मराठीच्या तासाला अडखळणाऱ्या मुलाला आधी गोष्ट उर्दूत सांगितली. मग धडा उघडला.