पंपाला काय कळतं?

कार्ब्युरेटरवाली गाडी बाळगणाऱ्याला मे महिन्यात एक फुकटचा सल्ला हमखास मिळतो: "तो जुना पंप काढ आणि इलेक्ट्रिक बसव. कटकट संपली." आमच्याकडे ८० च्या दशकातली प्रीमियर पद्मिनी आहे (बाबा अजूनही 'फियाट'च म्हणतात), त्यामुळे मला तो दरवर्षी मिळतो. यंदा जरा नीट विचार केला, कारण बाबांना स्वतः चालवत महाबळेश्वरला जायचंय. वय वर्षं ७२.

सल्ला अगदीच टाकाऊ नाही. मेकॅनिकल पंप (गॅरेजमध्ये ह्याला 'एसी पंप' म्हणतात, गारव्याशी संबंध शून्य) थेट इंजिनालाच बोल्ट केलेला असतो. कॅमशाफ्टवरचा उंचवटा त्याची दांडी हलवतो, आतला रबरी डायफ्रॅम वर-खाली होतो आणि मागच्या टाकीतलं पेट्रोल ओढलं जातं. गोम ह्या ओढण्यात आहे. ओढताना नळीतला दाब कमी होतो, दाब कमी झाला की पेट्रोल लवकर उकळतं, त्यात पंप स्वतःच तापलेला. घाटात खालच्या गिअरवर चढताना नळीत वाफ धरते, पंप नुसती वाफ चघळत बसतो आणि गाडी बंद. मग बॉनेट उघडा, पंपावर ओलं फडकं टाका, अर्धा तास चहा प्या. इलेक्ट्रिक पंप टाकीजवळ बसतो आणि पेट्रोल ढकलतो, त्यामुळे हे दुखणं बरंचसं जातं.

मग हरकत काय?

एक तर दाब. कार्ब्युरेटरला साधारण २ ते ४ पीएसआय पुरतात. भंगारातून एमपीएफआय गाडीचा पंप आणून जोडणारे महाभाग असतात. तो ४० च्या आसपास ढकलतो. फ्लोटची नीडल तेवढा जोर रोखू शकत नाही आणि पेट्रोल गरम इंजिनावर सांडतं. पण योग्य पंप घेतला की हे टळतं.

मला खुपते ती वेगळीच गोष्ट, बहुधा धंद्याच्या सवयीमुळे. मेकॅनिकल पंपाला एवढंच कळतं की इंजिन फिरतंय की नाही. इंजिन थांबलं की तोही थांबतो. ही 'इफ कंडिशन' कोणी लिहिलेली नाही, लोखंडातच आहे. नुसता इग्निशनला जोडलेला इलेक्ट्रिक पंप मात्र धडक होऊन इंजिन बंद पडलं, नळी फाटली, तरी चावी चालू असेपर्यंत पेट्रोल ओततच राहतो. म्हणून ऑइल प्रेशरवर चालणारा कट-ऑफ नाहीतर धक्का बसताच सर्किट तोडणारा इनर्शिया स्विच हवाच. तीन गॅरेजांत विचारलं. पंप तिन्हीकडे होता, स्विच एकाकडेही नाही. "आजवर कोणी मागितलाच नाही, साहेब."

अर्थात जुना पंपही साधुसंत नव्हे. डायफ्रॅम फाटला की पेट्रोल इंजिन ऑइलमध्ये उतरू शकतं, तेल पातळ होतं आणि बेअरिंगची वाट लागते. त्यात २०२५ पर्यंत पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आलं, जे जुन्या रबराला मानवत नाही. त्यामुळे दर रविवारी डिपस्टिक काढून हुंगतो. (बायकोला हा प्रकार अजून पटलेला नाही.)

शेवटी मेकॅनिकलच ठेवला. इथेनॉल सोसणारा डायफ्रॅम आणि नव्या नळ्या टाकल्या, पेट्रोलची लाइन एक्झॉस्टपासून लांब वळवून घेतली. पहाटे ५ ला निघायचं आणि ऊन चढायच्या आत पसरणी घाट ओलांडायचा, असं बाबांशी ठरलंय. फडकं आणि पाण्याची बाटली डिकीत आहेच.