गळ्यातली नळी

डायलिसिस म्हटले की आपल्या लोकांना मशीनची भीती वाटते. आम्हाला मात्र गळ्यातल्या नळीचा धसका बसला आहे. मूत्रपिंडे निकामी होऊन तातडीने डायलिसिस करावे लागले, की मानेच्या किंवा जांघेतल्या मोठ्या शिरेत कॅथेटर घालतात. मानेतल्या नळीचे एक टोक बाहेर, दुसरे हृदयाजवळ. बाहेरचे जंतू त्या वाटेने सरळ रक्तात उतरतात.

आमच्या नानांना चौथ्या महिन्यात तेच झाले. मशीन सुरू होऊन अर्धा तास झाला की दात वाजत. चार गोधड्या घातल्या तरी हुडहुडी जाईना. गल्लीतले डॉक्टर म्हणाले, मलेरिया. "मग डायलिसिसच्या दिवशीच थंडी कशी वाजते?" हे आमच्या धाकट्या भावजयीने विचारले, म्हणून रक्त तपासले गेले. जंतू निघाले. नळी काढून दुसऱ्या बाजूला नवी घालावी लागली.

दवाखान्याने चार महिन्यांत फिस्टुलाचे नाव काढले नव्हते, याचा राग अजून जात नाही. हातातली धमनी शिरेला जोडण्याची ही शस्त्रक्रिया न्यूयॉर्कच्या ब्रेशिया, सिमिनो आदी डॉक्टरांनी १९६६ साली प्रसिद्ध केली. म्हणजे काही कालची गोष्ट नव्हे. शीर फुगून सुईजोगी व्हायला दीडदोन महिने लागतात, तेव्हा चौकशी पहिल्याच आठवड्यात करावी. विहारात कुणी म्हणाले, हात लुळा पडेल. नानाही अडून बसले, "नळीवर भागतंय ना!" भागत नव्हते. नळीमुळे उजवीकडची शीर आतून आकसली. अजूनही सकाळी त्यांचा उजवा हात नि चेहरा सुजलेला असतो. शेवटी डाव्या हातात फिस्टुला केला.

तोवर नळी जपावी लागली. पट्टी कोरडी ठेवायची, टोपण डायलिसिसच्या सिस्टरनेच मास्क लावून उघडायचे, इतर इंजेक्शने तिच्यातून द्यायची नाहीत. निसटलीच तर स्वच्छ कापडाने जागा घट्ट दाबून दवाखाना गाठायचा. रविवारी वंदना आटोपून भेटायला येणारे नळी चाचपून बघत! तथागतांनी आनंदासह आजारी भिक्खूला आपल्या हातांनी धुतले, ही कथा सर्वांना पाठ. पण स्वतःचे हात धुवा म्हटले की माणसे रुसत. आम्ही दारातच साबण ठेवला.

आता डाव्या हातावर रक्तदाब मोजायचा नाही, रक्त काढायचे नाही. नाना रोज बोट ठेवून थरथर बघतात. नातू मनगटाला कान लावतो नि म्हणतो, आजोबा, आत आगगाडी चाललीय.