लॅमिंग्टन रोडवरची खरेदी

आम्हा डोंबिवलीकरांना ग्रँट रोड म्हणजे तशी आडवाटच. दादरला उतरा, पूल चढा, पलीकडे जाऊन पश्चिम रेल्वेची धीमी गाडी पकडा, तेव्हा कुठे ते स्टेशन येते. माझ्या उभ्या आयुष्यात मी तिथे दोनतीनदा उतरले असेन, तेही वन्संकडे खेतवाडीत हळदीकुंकवाला नाहीतर बारशाला. पण गेल्या महिन्यातल्या शनिवारी मी उतरले ती खांद्यावर दोन किलोंचा जुना लॅपटॉप, पर्समध्ये शाळेचे एक पत्र आणि पोटात गोळा घेऊन. शनिवार मुद्दाम निवडला होता. रविवारी त्या रस्त्यावरची बहुतेक दुकाने बंद असतात, आणि इतर दिवशी माझी शाळा.

आमच्या घरचा लॅपटॉप २०१६ सालचा. मुलांची गाणी, ह्यांचे हिशेब, माझ्या प्रश्नपत्रिका, सगळ्यांचा भार त्याने वाहिला. पण त्यातल्या विंडोज १० ला कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ नंतर नेहमीची डागडुजी देणे बंद केले, आणि विंडोज ११ त्या म्हाताऱ्यावर चढेना. म्हणजे यंत्र चालते, पण दाराची कडी मोडलेल्या घरासारखे. त्यावर बँकेचा व्यवहार करायला मन घेत नाही. तेव्हा मी ठरवले की नवा घ्यायचा, आणि माझ्या पैशाने घ्यायचा. अर्धवेळ पगारातून आणि भिशीतून साठलेले माझे ४१,००० रुपये होते. ह्यांच्याकडे मागितले असते तर मिळाले असते, नाही असे नाही. पण मग तो 'घरचा' लॅपटॉप झाला असता आणि रात्री साडेनऊनंतर माझ्या वाट्याला आला असता. ज्या मैत्रिणींच्या घरी एकच यंत्र आहे त्यांना हे समजावून सांगायला नको.

आता हा रस्ता. पाटीवर नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण कुणालाही विचारा, लॅमिंग्टन रोडच म्हणतात. हे लॅमिंग्टनसाहेब १९०३ ते १९०७ मुंबईचे गव्हर्नर होते. पुढे १३ मार्च १९४० ला लंडनच्या कॅक्स्टन हॉलमध्ये उधमसिंगांनी मायकेल ओड्वायरला गोळ्या घातल्या, तेव्हा तिथेच बसलेल्या या साहेबांच्याही हाताला गोळी लागली होती. मुलांना इतिहास शिकवताना उधमसिंग दर वर्षी सांगते, पण त्या साहेबाच्या रस्त्यावर आपण वायरी आणि चार्जर घेतो हे मलाही उशिराच कळले.

याच रस्त्यावर मिनर्व्हा थिएटर होते. १५ ऑगस्ट १९७५ ला लागलेला 'शोले' तिथे पाच वर्षांहून अधिक मुक्कामाला होता. आमच्या आईने तो तिथे पाहिलेला. आता ते थिएटर नाही. डी. बी. मार्ग पोलीस ठाणे मात्र आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री चौपाटीवर कसाबची बंदूक छातीशी धरून ठेवणारे तुकाराम ओंबळे याच ठाण्याचे. कामाच्या गडबडीत चालले होते, तरी त्या नावापाशी पाय क्षणभर थांबलेच.

बाकी रस्ता म्हणजे नुसती यंत्रांची मंडई. आपल्याकडे मसाल्याच्या दुकानात जशी लवंग, वेलची, दगडफूल बरण्यांत असते, तसे इथे रेडिओचे आणि संगणकाचे सुटे भाग खणांत भरून ठेवलेले. मण्यांसारखे रंगीत पट्ट्यांचे रेझिस्टर, काळे चौकोनी चिप, हातभर केबलींच्या जुड्या. फुटपाथवर हातगाडी, हातगाडीवर खोके, खोक्यावर बसून चहा पिणारा हमाल. दुकाने इतकी चिंचोळी की समोरासमोर दोन गिऱ्हाइके उभी राहिली तर एकाने श्वास रोखायचा. आणि प्रत्येक पायरीवरून हाक, "क्या चाहिए मॅडम? लॅपटॉप? प्रिंटर?" आधी बावरायला झाले. मग लक्षात आले, भाजीवाल्याशी जे करतो तेच इथे करायचे. पहिल्या दुकानात भाव विचारायचा, चेहरा मख्ख ठेवायचा आणि पुढे जायचे.

मॉडेल मी घरूनच ठरवून आले होते, नंबरासकट कागदावर लिहून. हे फार महत्त्वाचे. एकाच नावाच्या लॅपटॉपचे आठदहा प्रकार असतात आणि दुकानदार बोलता बोलता आठ जीबी रॅमचा गळ्यात घालतो. मला सोळा हवा होता. कारण पुष्कळ यंत्रांत रॅम आता आतच डकवलेली असते, मागाहून वाढवता येत नाही.

तिसऱ्या दुकानात भाव निघाला ४८,५००. मी मख्खच. मग दुकानदार आवाज खाली आणून म्हणाला, "बिल नको असेल तर छेचाळीस, कॅश." खरे सांगते, मन डळमळले. अडीच हजार म्हणजे आमच्या घरची दोन महिन्यांची भाजी. पण शिक्षिकेचे डोके, हिशेब करूनच थांबते. लॅपटॉपवर जीएसटी १८ टक्के, आणि तो ४८,५०० मध्ये धरलेला, म्हणजे जवळजवळ ७,४०० रुपये. त्यातले मला अडीच हजार सोडून बाकीचे कुठे जाणार? शिवाय बिल नसेल तर उद्या पडदा काळा झाल्यावर मी कुणाच्या दारात जाऊ? मी म्हटले, "बिल हवंच." तो लगेच दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला.

माझा खरा बेत वेगळाच होता. त्याच रस्त्यावर कंपनीचे स्वतःचे दुकान आहे. तिथे भाव ४९,९९०, म्हणजे वर वर पाहता महाग. पण तिथे सवलतीवर सवलत लागू होत होती. एक, शिक्षक आणि विद्यार्थ्यांना पाच टक्के. दोन, कंपनीकडे फोन नंबर नोंदवल्यावर आलेले १,५०० रुपयांचे कूपन. तीन, जुना लॅपटॉप दिला तर २,००० रुपये. आणि चार, एका ठराविक बँकेच्या क्रेडिट कार्डावर दहा टक्के, पण जास्तीत जास्त ३,०००.

यातल्या पहिलीसाठी शिक्षिका असल्याचा पुरावा हवा. आमच्या शाळेत अर्धवेळ बायांना ओळखपत्र देत नाहीत. नऊ वर्षे शिकवते आहे, पण गळ्यात पट्टा नाही. शेवटी कार्यालयात तीन खेपा घालून शाळेच्या कागदावर शिक्का मारून पत्र आणले. त्यात 'अर्धवेळ' या शब्दाखाली कुणीतरी रेघ मारली होती. का, ते ज्याचे त्याला माहीत.

चौथीसाठी मात्र शाळेहून अवघड दार ठोठवायचे होते. ते कार्ड आमच्याकडे नाही, वन्संकडे आहे. आणि सासूबाईंच्या शेवटच्या आजारपणात इस्पितळाचे पैसे कुणी किती भरले यावरून चार वर्षांपूर्वी जे बोलणे झाले, तेव्हापासून आमचे बोलणे सणावारापुरते. ह्यांना म्हटले, तुम्ही विचारा. तर हे म्हणाले, "लॅपटॉप तुझा, फोन तू कर." दोन दिवस मी फोन उचलून खाली ठेवत होते. तीन हजारांसाठी मान खाली घालायची का? शेवटी केला. "वन्सं, तुमच्याकडे त्या बँकेचं कार्ड आहे ना?" पलीकडे जरा शांतता. "आहे. का गं?" मी सगळे भराभरा सांगून टाकले. त्या म्हणाल्या, "कार्ड असं हातात देता येत नाही, नंबर मलाच दाबावा लागतो. शनिवारी ये. आधी जेवायलाच ये."

तर जेवण झाले. आळूचे फदफदे होते. कुणी मागचा विषय काढला नाही. मग आम्ही दोघी खेतवाडीतून चालत कंपनीच्या दुकानात.

काउंटरवरचा मुलगा चुणचुणीत. त्याने पत्र पाहिले, "पार्ट टाइम? चालतं मॅडम," म्हणाला आणि माझे मन इतके हलके झाले की काय सांगू. मग तो आधी कूपन वजा करायला निघाला. मी म्हटले, थांबा, आधी टक्के काढा. ४९,९९० चे पाच टक्के २,५००, उरले ४७,४९०, त्यातून कूपनाचे १,५०० गेले की ४५,९९०. उलट केले तर ४६,०६५ होतात. पंच्याहत्तर रुपयांचा फरक. लहान रकमेवर टक्के घेतले की टक्के लहान होतात, सातवीच्या मुलांना हेच तर शिकवते. मुलगा हसला, पण माझ्या पद्धतीने बिल होत होते, त्याने तसेच केले. कुठे कुठे यंत्रच क्रम ठरवते, तिथे इलाज नाही. विचारायला मात्र काही पडत नाही.

खरी अडचण पुढे. बँकेची सवलत ४५,००० च्या वरच्या खरेदीलाच होती, हे बारीक अक्षरांत. जुन्या लॅपटॉपचे २,००० वजा केले की कार्डावर ४३,९९० चीच खरेदी, आणि सवलत गेली! म्हणजे दोन हजार मिळवायचे आणि तीन हजार घालवायचे. डोंबिवलीहून ओझे वाहून आणलेला तो म्हातारा माझ्याकडे बघत होता. मी म्हटले, राहू दे, जुना देत नाही.

त्या मुलाने हप्त्यांचेही सुचवले, 'नो कॉस्ट ईएमआय'. यात बँक व्याज लावतेच, दुकान तेवढी सूट आधी देते इतकेच. व्याजावरचा १८ टक्के जीएसटी आणि बँकेची फी आपल्याच माथी येते. बिनव्याजी हप्ता अशी काही चीज नसते, असे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना सुनावले आहे. आम्ही नको म्हटले. आणखी एक गोष्ट वन्संनी बरोबर विचारली, ती माझ्या डोक्यातही आली नव्हती: "हे तीन हजार आत्ता कमी होणार, की तीन महिन्यांनी कॅशबॅक येणार?" आत्ताच, म्हणाला. मागाहून येणारे पैसे कार्डवाल्याच्या खात्यात येतात, आणि मग पुन्हा आमच्या दोघींत हिशेब राहिला असता. त्यांनाही बहुधा तेच नको होते.

वन्संनी कार्ड घातले, नंबर दाबला. ४२,९९०. मुलाने विचारले, "बिल कुणाच्या नावावर करू? कार्ड यांचं आहे..." मी काही बोलायच्या आत वन्सं म्हणाल्या, "हिच्या नावावर. पूर्ण नाव लिही, स्पेलिंग विचारून घे."

मी तिथल्या तिथे फोनवरून त्यांच्या खात्यात सगळी रक्कम पाठवली. "घाई काय होती?" म्हणाल्या, पण पैसे आल्याचा संदेश चष्मा लावून वाचला. "आणि उपकार बिपकार मानू नकोस, मला त्या कार्डाचे पॉइंट मिळतात."

खोके आमच्यासमोर फोडायला लावले. खोक्यावरचा, यंत्राच्या पाठीवरचा आणि बिलावरचा सिरियल नंबर एकच आहे ना, ते वन्संनी मोठ्याने वाचले आणि मी टिकले. पडद्यावर ठिपका नाही, सगळी बटणे दबतात, चार्जर त्याच कंपनीचा. बिलाच्या तारखेपासून वॉरंटी धरतात, म्हणून तारीखही पाहिली.

उरला म्हातारा. समोरच्या माडीवर दुरुस्तीचे एक दुकान दिसले, म्हटले विचारून तर बघू. कारागिराने मागचे झाकण उघडले आणि म्हणाला, "रॅमचे भाव चढलेत ताई, चोवीसशे देतो." २०२५ च्या अखेरीपासून रॅम सगळीकडे महागली, त्याचा फायदा माझ्या नऊदहा वर्षांच्या जुन्या यंत्राला झाला. कंपनीच्या दोन हजारांपेक्षा चारशे जास्त! त्याने डिस्क काढून माझ्या हातावर ठेवली, "ही तुमच्याजवळ ठेवा, फोटोबिटो असतात." फोटो मी आधीच उतरवून घेतले होते, तरी डिस्क रुमालात गुंडाळली. म्हणजे नवा लॅपटॉप मला पडला ४०,५९० ला. एक्केचाळीस हजारांतले चारशे दहा उरले.

स्टेशनाच्या पश्चिमेला भाजी गल्ली आहे. वन्सं म्हणाल्या, इथवर आलीस तर चल, तुमच्याकडे अशी भाजी मिळायची नाही. पूल ओलांडून गेलो. त्यांनी माझ्यासाठी दोन जुड्या आळू निवडून घेतले, पानांचे देठ स्वतः मोडून पाहिले, आणि पैसे मला देऊ दिले नाहीत. गाडीत मला बसायला जागा मिळाली. मांडीवर खोके, खोक्यावर आळूची पिशवी. दादरला उतरायच्या आधी फोन वाजला, वन्संचा: "अगं, चिंच घालायला विसरू नकोस, घसा खाजेल. आणि ते सुरू झालं की मला कळव."