दूध आणायला दीड मैल

आमच्या विंगमध्ये रात्री अकरानंतर जे वाद होतात त्यांना विषय लागत नाही. त्या रात्री मात्र विषय होता. रूममेटच्या लॅपटॉपवर एका अमेरिकन शहराचा विमानातून काढलेला फोटो होता. नजर पोचेल तिथपर्यंत एकसारखी घरं, साच्यातून काढल्यासारखी. बऱ्याच घरांमागे निळा ठिपका, म्हणजे पोहण्याचा तलाव. आणि जिथे घरं संपतात तिथून एकदम तपकिरी वाळवंट.

"कसलं भारी! स्वतःचं घर, स्वतःचा तलाव, दोन गाड्या..." सिव्हिलवाली म्हणाली.

"अशा जागी राहायला डोकं फिरलेलं असावं लागतं," रूममेट म्हणाली.

"माझा मामा राहतो," मी म्हणाले. सगळ्याजणी गप्प.

फोटो फिनिक्सचा होता, ॲरिझोना राज्यातला. मामा त्याला लागून असलेल्या चँडलरमध्ये राहतो. तिथे चिप्सचे मोठे कारखाने आहेत, त्यामुळे आपली माणसं भरपूर. २०२३ मध्ये आजोबा गेले आणि साताऱ्याच्या घरात आजी एकटी उरली. मामा म्हणाला, तिला माझ्याकडे पाठवा, आवडलं तर कायमचीच ठेवून घेतो. आजीला इंग्रजी येत नाही, म्हणून २०२४ च्या सुट्टीत घरातली कॉन्व्हेंटवाली, म्हणजे मी, तिच्याबरोबर गेले. निघताना आईने मला बाजूला घेतलं. "फिरायला पाठवत नाहीये तुला. नीट बघ, आणि आई तिथे राहू शकेल का ते मला खरं सांग." विसाव्या वर्षी कोणी इतकं मोठं काम सांगितलं की छाती फुगते. परत येईपर्यंत ती फुगलेली राहिली नाही, ते सोडा.

आधी शहराबद्दल थोडं, नाहीतर पुढचं कळणार नाही. १९५० मध्ये फिनिक्सची वस्ती होती एक लाख सात हजारांच्या आसपास आणि क्षेत्रफळ सुमारे ४४ चौरस किलोमीटर. २०२० च्या जनगणनेत वस्ती १६ लाखांवर गेली आणि शहर पसरलं साधारण १,३४० चौरस किलोमीटरवर. म्हणजे वस्ती पंधरा पट आणि जमीन तीस पट! बृहन्मुंबईच्या दुपटीहून मोठं शहर, आणि माणसं मुंबईच्या पासंगालाही पुरणार नाहीत. हे सगळं उभं राहिलं एअर कंडिशनर, मोटारगाडी आणि लांबून आणलेल्या पाण्यावर. एसीच्या आधी तिथले लोक उन्हाळ्यात व्हरांड्यात ओल्या चादरी टांगून झोपायचे. कोलोरॅडो नदीचं पाणी आणणारा कालवा जवळजवळ ५४० किलोमीटर लांब आहे. १९७३ मध्ये काम सुरू झालं आणि १९९३ मध्ये संपलं. वाटेत ते पाणी पंपांनी आठशे मीटरहून जास्त उंच चढवावं लागतं. मेकॅनिकलची असल्यामुळे मला हे ऐकून आधी आनंद झाला, आणि मग विजेच्या बिलाचा विचार आला.

पहिले चार दिवस मला ते शहर प्रचंड आवडलं. खोटं कशाला बोलू? आभाळ इतकं मोठं की मान दुखते. रस्ते गुळगुळीत, हॉर्न नाही, धूळ नाही, मामाच्या मागच्या अंगणात संत्र्याचं झाड. पाचव्या दिवशी मामीच्या घरातलं दूध संपलं. मी म्हणाले, मी आणते. मामी वर मीटिंगमध्ये होती, तिला नीट ऐकू गेलं नसावं.

दुकान दीड मैलावर, म्हणजे अडीच किलोमीटरला थोडं कमी. आपल्याकडे एवढं अंतर तर आपण वडापावसाठीही जातो! सकाळचे नऊ वाजले होते, तापमान अडतीस. फुटपाथ उत्तम होता, हेही सांगितलं पाहिजे. रुंद, सपाट, एक फरशी हललेली नाही. फक्त त्यावर मी एकटी होते. डावीकडे घरांच्या मागच्या भिंती, सलग, दार ना खिडकी. उजवीकडे सहा पदरी रस्ता. सावली म्हणजे पालो व्हर्दे नावाच्या झाडांची. त्यांचं खोड हिरवं असतं आणि पानं इतकी बारीक की सावली चाळणीतून पडल्यासारखी. मोठे रस्ते एकमेकांपासून बरोब्बर मैलभर अंतरावर, त्यामुळे पुढचा सिग्नल दिसत राहतो पण येत नाही. अर्ध्या वाटेवर एक गाडी थांबली. काच खाली करून एका बाईंनी विचारलं, "तुझी गाडी बंद पडली का? सोडू का कुठे?" मी म्हणाले, नाही, मी चालतेय. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की हिला हॉस्पिटलला न्यावं की पोलिसांना फोन करावा! शेवटी पाण्याची एक बाटली माझ्या हातात कोंबून त्या गेल्या. (माणसं फार चांगली आहेत तिथली. फक्त ती गाडीत असतात.)

परतताना दूध कोमट झालं. मामी आधी हसली आणि मग खूप रागावली. बरोबरच होतं तिचं. २०२३ च्या उन्हाळ्यात फिनिक्समध्ये सलग ३१ दिवस पारा ११० फॅरनहाइट, म्हणजे ४३ अंशांच्या वर होता. एका रात्री तर तो ३६ अंशांच्या खाली उतरलाच नाही. दिवसभर डांबर आणि काँक्रीट उष्णता पितात आणि रात्रभर परत सोडतात. त्या वर्षी त्या एका काउंटीत उष्णतेमुळे ६४५ माणसं गेली. डांबरावर पडलेल्या माणसाची कातडी भाजते, हे मामी सांगत होती तेव्हा आजी खिडकीपाशी बसली होती. ती शांतपणे म्हणाली, "मी रोज इथून बघते. सकाळी कुत्र्याला घेऊन दोघं-तिघं जातात. नंतर संध्याकाळपर्यंत चिटपाखरू नाही."

तेव्हा माझ्या लक्षात आलं की आजी पाच दिवसांत एकदाही एकटी घराबाहेर पडली नव्हती. साताऱ्यात तिचा दिवस म्हणजे सकाळी राजवाड्यापर्यंत फेरी, येताना मोती चौकातून भाजी, दुपारी वाचनालय, संध्याकाळी देऊळ. सगळं पायी, आणि प्रत्येक वळणावर कोणीतरी "काय काकू, गुडघा काय म्हणतोय?" विचारणारं. इथे गणपतीचं देऊळ मॅरिकोपा नावाच्या गावात, गाडीने अर्ध्या-पाऊण तासावर. म्हणजे मामाला रविवारी वेळ असेल तेव्हाच बाप्पा.

त्या रात्री मी मामाशी भांडले. (आदराने. पण भांडलेच.) मी म्हणाले, मामा, हे शहर गाडी चालवणाऱ्याचं आहे. आजीचं नाही, आणि तुझ्या मुलाचंही नाही. तो चौदा वर्षांचा आहे आणि मित्राकडे जायला आईची वाट बघत बसतो. मामाने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "तू आमचा जुना वाडा पाहिला नाहीस. सात बिऱ्हाडं, दोन संडास. सकाळी बादली घेऊन रांगेत उभं राहायचं आणि रांगेतल्या प्रत्येकाला माहीत, मला गणितात किती पडले. दहावीचा अभ्यास मी जिन्यात बसून केला. तू ज्याला माणसांचा राबता म्हणतेस ना, त्याचा मला वीट आला होता. इथे आलो तेव्हा पहिल्या रात्री भिंतीला हात लावून पाहिला. पलीकडे कोणी नव्हतं."

याला उत्तर काय देणार? मी हॉस्टेलमध्ये राहते. पलीकडे कोणी नसलेली भिंत कशाला म्हणतात ते मला चांगलं कळतं.

दोन दिवसांनी दुपारी आभाळ भरून आलं. त्या पावसाला तिथेही 'मान्सून'च म्हणतात, आणि त्याच्या आधी कधी कधी धुळीची भिंत चालून येते. आम्ही गाडीत होतो. चार टपोरे थेंब पडले आणि मामाने एसी बंद करून चारी काचा खाली केल्या. क्रिओसोट नावाचं एक झुडूप आहे वाळवंटात, पाऊस आला की त्याचा वास सुटतो. मातीचा नव्हे, काहीतरी औषधी, कडवट, पण विलक्षण. मामा डोळे मिटून (सिग्नल लाल होता!) तो वास घेत होता. त्याला ते गाव खरंच आवडतं. तोवर मला वाटत होतं की तो पगारासाठी राहतो आणि बाकी सगळं बोलायचं म्हणून बोलतो.

तरी मी हट्ट सोडला नाही. शेजारच्या टेम्पीमध्ये कल-डी-सॅक नावाची एक वसाहत आहे, २०२३ पासून लोक तिथे राहायला आले. सतरा एकर जागा, आणि राहणाऱ्यांना गाडीसाठी जागाच नाही. दारासमोरून ट्राम जाते. मी आजीला तिकडे न्यायचं ठरवलं. गेलो कसे? गाडीनेच! तीही बिनड्रायव्हरची, चँडलरच्या रस्त्यांवर या टॅक्सी सर्रास फिरतात. स्टिअरिंग आपोआप फिरताना पाहून आजीने हात जोडले आणि उतरताना रिकाम्या सीटकडे बघून "थँक्यू" म्हणाली.

वसाहत सुरेख आहे. पांढऱ्या भिंती, मुद्दाम अरुंद ठेवलेल्या गल्ल्या, म्हणजे एका घराची सावली दुसऱ्यावर पडावी. डांबर नाही. दुकान, खाणावळ, सायकली. आत शिरल्यावर ऊन खरोखर कमी लागतं. मला वाटलं, जिंकले! आजी दोन गल्ल्या हिंडली, ओट्यासारख्या एका जागी टेकली. "छान आहे गं. आपल्या बोळासारखं," म्हणाली. आणि जरा वेळाने, "पण इथे म्हातारं कोणीच कसं नाही?" मी आजूबाजूला पाहिलं. खरंच, सगळी पंचविशीतली.

घरी आल्यावर मी हे मामाला रंगवून सांगितलं आणि वर म्हणाले की साताऱ्यात हे सगळं आयतं आहे, फुकट आहे. मामा म्हणाला, "आयतं? आईचं मनगट कुठे मोडलं?"

ते मी विसरले होते. विसरले नव्हते, बाजूला ठेवलं होतं. २०२२ मध्ये गर्दी चुकवायला एक स्कूटर फुटपाथवर चढली आणि आजी पडली. हाताला प्लेट आहे तिच्या. त्यानंतर सहा महिने ती एकटी बाहेर गेली नाही, आणि अजूनही मोती चौकात रस्ता ओलांडायला कोणाचा तरी दंड धरते. वाडा तर केव्हाच पडला. तिथे आता अपार्टमेंट आहे, ज्याच्या तळमजल्यावर माणसं नाहीत, गाड्या राहतात. मी ज्या गावाच्या बाजूने भांडत होते ते निम्मं माझ्या लहानपणीच्या सुट्टीतलं होतं.

हे सगळं मी त्या रात्री विंगमध्ये सांगितलं. रूममेट जैसलमेरची आहे. ती म्हणाली, तुम्ही सगळ्या वाळवंटाच्या नावाने का रडताय? आमचं गाव ११५६ सालचं, वाळवंटातलंच. किल्ल्यात अजून माणसं राहतात, गल्ल्या एवढ्या अरुंद की भर दुपारी सावलीतून जाता येतं, आणि आजी-नाणी सगळ्या पायी फिरतात. "गाव पसरतं ते वाळवंटामुळे नाही," ती म्हणाली, "पेट्रोलमुळे." सिव्हिलवालीने ताबडतोब विचारलं, मग तू इथे शिकायला का आलीस? पुढचं भांडण रेक्टर मॅडमनी संपवलं.

आईला काय सांगितलं ते राहिलं. मी परत आल्यावर तिला म्हणाले, आजी तिथे सुरक्षित राहील, पण तिचं रोजचं जगणं मामाच्या गाडीच्या चावीला बांधलेलं असेल. आणि इथे ती मोकळी राहील, पण आपल्यापैकी कोणीतरी दर महिन्याला जाऊन त्या चौकाकडे बघायला पाहिजे. आई म्हणाली, मग काय करू? मला माहीत नव्हतं.

आजीनेच ठरवलं. कोणीतरी तिला सांगितलं होतं की अमेरिकेतल्या थंड राज्यांतली म्हातारी माणसं हिवाळ्यापुरती फिनिक्सला येतात आणि उन्हाळ्याआधी परततात. त्यांना तिथे पक्षी म्हणतात. "मग मीही पक्षीच," म्हणाली. दिवाळी झाली की जायचं, होळीला साताऱ्यात. डिसेंबरात तिथली हवा महाबळेश्वरासारखी असते. मामाच्या घरामागे एक कालवा आहे, काठाने चालायचा रस्ता आहे. त्या खोऱ्यात कालवे फार जुने. होहोकाम लोकांनी कित्येक शतकांपूर्वी खणले होते, ते गेले, आणि पुढे आलेल्यांनी काही ठिकाणी त्याच रेषांवर नवे खणले.

आजी तिथे सकाळी सहाला चालायला निघते. तेव्हा आपल्याकडे संध्याकाळचे साडेसहा असतात, म्हणून माझा फोन बहुतेक मेसच्या रांगेत वाजतो. काल सांगत होती, कालव्यावर एक बगळा रोज त्याच जागी, एका पायावर, हात मागे बांधल्यासारखा उभा असतो. त्याचं नाव तिने 'मास्तर' ठेवलंय. आजोबा शाळेत शिकवायचे. मी विचारलं, अजून कोण भेटतं? "एक चिनी बाई," म्हणाली. "तिला इंग्रजी येत नाही, मलाही नाही. म्हणून जमतं."