डोळ्यांत पाणी आणणारा चित्रपट



'मी पाहिलेला चित्रपट' हा निबंध आपण दरवर्षी मुलांना देतो. मुलं ठरलेलं लिहितात. चित्रपटाचं नाव, हिरो कोण, मारामारी किती छान होती आणि शेवटी 'मला हा चित्रपट खूप आवडला.' दोन वर्षांपूर्वी मी चौथीच्या वर्गात विषय थोडा बदलला. 'मला रडवणारा चित्रपट' असा विषय फळ्यावर लिहिला. मुली लगेच लिहायला लागल्या. मुलं मात्र एकमेकांकडे बघून हसत होती. शेवटी एकजण उभा राहून म्हणाला, "सर, आम्ही नाय रडत. पोरं रडत्यात का कुठं?"

हे वाक्य त्याला कोणी शिकवलं, हे मला पक्कं माहीत होतं. मीच शिकवलं होतं, आठवडाभर आधी. ते कसं, हे सांगण्यासाठीच आज लिहितोय.

पण आधी थोडं माझ्या लहानपणाचं. आमच्या गावच्या जत्रेत तंबूतला सिनेमा यायचा. जमिनीवर बसायचं, पुढे बायका-पोरं, मागे गडीमाणसं. एका वर्षी 'माहेरची साडी' लागला होता. चित्रपट १९९१ सालचा, पण आमच्याकडे तो चार-पाच वर्षांनी पोचला. अलका कुबल यांनी केलेल्या त्या सासुरवाशिणीचे हाल बघून सगळा तंबू हुंदके देत होता. आईच्या मांडीवर बसलेल्या माझ्या केसांवर टपटप थेंब पडत होते. मी घाबरलो. घरी जाताना विचारलं, "आई, ते खोटं असतंय ना?" आई म्हणाली, "पिक्चर खोटाच असतो रं. पण घरी रडायला सवड कुठं असती?"

तेव्हा मला काहीच कळलं नाही. आज कळतं. आईला सासरी येऊन दहा वर्षं झाली होती आणि तिला रडताना मी त्या आधी कधीच पाहिलं नव्हतं. मागे बसलेल्या गड्यांचेही डोळे त्या रात्री लाल होते. पण विचारलं तर प्रत्येकजण म्हणत होता, धुरळा गेला.

मी डी.एड.ला होतो तेव्हा, २००४ साली, 'श्वास' आला. संदीप सावंत यांनी दिग्दर्शित केलेला हा चित्रपट. कोकणातल्या एका लहान मुलाला, परशुरामला, डोळ्यांचा कॅन्सर होतो. जीव वाचवायचा तर दोन्ही डोळे काढावे लागणार. अरुण नलावडे यांनी साकारलेले आजोबा काय करतात? शस्त्रक्रियेच्या आधी नातवाला दवाखान्यातून गुपचूप बाहेर नेतात आणि डोळे जाण्याआधी त्याला जग बघू देतात. बस्स, एवढंच. कुठे आरडाओरडा नाही, छाती बडवणं नाही. पण थिएटरमध्ये माझ्या घशात आवंढा अडकला तो शेवटपर्यंत. शेजारी वसतिगृहातले मित्र होते. मी चप्पल शोधतोय असं दाखवून खाली वाकलो आणि बाहीने डोळे पुसले. वर बघितलं तर शेजारचा मित्रही खाली वाकलेला! दोघांच्याही चपला पायातच होत्या.

१९५३ साली आचार्य अत्र्यांनी साने गुरुजींच्या पुस्तकावरून 'श्यामची आई' काढला. राष्ट्रीय पुरस्कार सुरू झाले त्या पहिल्याच वर्षी, १९५४ मध्ये, सर्वोत्तम चित्रपटाचं राष्ट्रपती सुवर्णपदक या मराठी चित्रपटाला मिळालं. त्यानंतर सर्वोत्तम चित्रपटाचा मान पुन्हा मराठीकडे यायला पन्नास वर्षं लागली, आणि तो 'श्वास'ने आणला. दोन्ही चित्रपटांत एक लहान मूल आणि त्याला जीव लावणारं घरातलं एक मोठं माणूस आहे. दोन्ही चित्रपट बघताना लोक रडले. म्हणजे रडवणारा चित्रपट हा काही हलका प्रकार नाही, हे लक्षात घ्या.

आता माझ्या चुकीकडे येतो.

आमच्या शाळेत लोकवर्गणीतून मोठा टीव्ही आला. एका शनिवारी सकाळच्या शाळेत मी मुलांना 'टिंग्या' दाखवला. मंगेश हाडवळे यांचा हा २००८ सालचा चित्रपट, जुन्नर भागातला. टिंग्याच्या घरचा बैल चितंग्या जायबंदी होतो. तो आता शेतीच्या कामाचा उरत नाही. डोक्यावर कर्ज, पेरणी तोंडावर. बापापुढे बैल विकण्याशिवाय मार्ग नाही. टिंग्याला मात्र हे पटत नाही. मैत्रिणीची आजी म्हातारी आहे, आजारी आहे, तिला कुणी विकत नाही, मग माझ्या बैलालाच का, असा त्याचा साधा प्रश्न आहे. शरद गोयेकर या मुलाने टिंग्याचं काम इतकं खरं केलंय की त्याला बालकलाकाराचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

चित्रपट संपत आला आणि मागच्या रांगेतून हुंदका ऐकू आला. वर्गातला सगळ्यात दांडगा मुलगा गुडघ्यात तोंड घालून रडत होता. पोरं फिदीफिदी हसायला लागली. मला वर्ग शांत करायचा होता. मी घाईत बोलून गेलो, "अरे, मुलगा असून रडतोस? पिक्चर आहे तो!" पोरं आणखी हसली. तो एकदम गप्प झाला. डोळे पुसले, दप्तर उचललं आणि घंटा होताच निघून गेला.

पुढचे चार दिवस तो वर्गात असून नसल्यासारखा होता. त्यानंतर मी तो निबंध दिला आणि 'पोरं रडत्यात का कुठं?' असं म्हणणारा तोच होता. वही कोरी ठेवून बसला.

रविवारी आठवडी बाजारात त्याचे वडील भेटले. मी सहज विचारलं, "काय दादा, पोरगं गप्प गप्प असतं हल्ली?" ते म्हणाले, "गुर्जी, म्हैना झाला, म्हातारा बैल इकला. आता टॅक्टरनंच नांगरट होती, वैरण परवडंना. पोरानं त्याला वासरू असल्यापास्नं पाणी पाजल्यालं. बैल नेला त्या दिशी येक टिपूस काढला न्हाई पठ्ठ्यानं. लई खंबीर हाय!"

मी भाजीची पिशवी हातात घेऊन तिथेच उभा राहिलो. महिनाभर त्या पोराने जे दाबून ठेवलं होतं, ते टिंग्याला बघून बाहेर आलं होतं. आणि मी, त्याचा शिक्षक, ते चार पोरांसमोर परत आत ढकललं. घरी बापाने शाबासकी दिली म्हणून रडता आलं नाही, शाळेत गुरुजींनी टोकलं म्हणून रडता आलं नाही. मग त्याने रडायचं कुठं?

सोमवारी परिपाठानंतर मी वर्गासमोर उभा राहिलो. म्हणालो, "त्या शनिवारी मी चुकीचं बोललो. रडणाऱ्याला हसायचं नसतं, आणि मीच तुम्हाला हसवलं." मग तंबूतली आई सांगितली. 'श्वास' बघताना चप्पल शोधली तेही सांगितलं. एक मुलगी म्हणाली, "सर, तुम्ही पण?" मी म्हटलं, "हो, मी पण." मग हात वर यायला लागले. कुणी 'तारे जमीन पर'मध्ये ईशानला वसतिगृहात सोडून आई-बाप निघून जातात तेव्हा रडलं होतं, कुणी टीव्हीवरची मालिका बघून. ज्याने सगळ्यात जास्त फिदीफिदी केलं होतं, त्यानेही हळूच हात वर केला.

त्यातूनच एक छोटा पाठ झाला. रडताना नाक का वाहतं? कारण डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातून एक बारीक नळी थेट नाकात उतरते, जास्तीचं पाणी तिकडून जातं. कांदा चिरताना येणारं पाणी वेगळं, दुःखाने येणारं वेगळं, आणि डोळा ओला ठेवणारं पाणी तर सतत असतंच. मुलाच्या आणि मुलीच्या डोळ्यांत मात्र ही व्यवस्था सारखीच असते. भरतमुनींनी नाट्यशास्त्रात आठ रस सांगितले, त्यात शृंगार, हास्य, वीर यांच्या जोडीला करुणही आहे. म्हणजे आपल्याकडे लोकांनी नाटकात रडावं, हे फार जुन्या काळापासून मान्य आहे.

शिक्षक मित्रांनो, अनुभवावरून तीन गोष्टी सांगतो. मुलांना चित्रपट दाखवण्याआधी तो आपण पूर्ण बघा आणि वर्गात कुणाच्या घरी काय घडलंय याचा विचार करा. चित्रपट संपल्यावर लगेच दिवे लावू नका, दोन मिनिटं जाऊ द्या. आणि 'यातून काय बोध घेतला?' हा प्रश्न त्या दिवशी तरी विचारू नका.

त्या मुलाने पुढच्या गुरुवारी वही माझ्या टेबलावर ठेवली आणि पळाला. एरवी तीन ओळींच्या पुढे न जाणाऱ्याने पान भरून लिहिलं होतं. शुद्धलेखनाच्या चुका भरपूर होत्या. चित्रपटाचं नाव कुठेच नव्हतं. पहिली ओळ होती, 'आमच्या बैलाचं नाव हौश्या होतं.'

मी लाल पेन बाजूला ठेवला आणि वाचत गेलो. या वेळी चप्पल शोधायला खाली वाकलो नाही.