छपरावरचा खडू



बरेच दिवस इकडे काही लिहिलं नाही. एकदोघांनी विचारपूसही केली, "मास्तर, तब्येत बरी आहे ना?" तब्येत उत्तम. सध्या मुक्काम अमेरिकेत, ओहायो राज्यात, चिरंजीवांकडे. आणि गेले दोन आठवडे आम्ही बापलेक एका गाडीच्या टपात गुंतलो होतो.

त्याचं असं झालं. चिरंजीवांनी गेल्या वर्षी एक जुनं मोटरहोम घेतलं. म्हणजे ट्रकच्या सांगाड्यावर बांधलेलं बिऱ्हाडच. शेगडी, फ्रीज, न्हाणीघर, सगळं आत. ड्रायव्हरच्या डोक्यावर माळ्यासारखा एक पलंग. गाडी २००४ सालची, लांबी अठ्ठावीस फूट. ऑगस्टमध्ये सगळे सहलीला गेलो. नात हट्टाने माळ्यावर झोपली. रात्री पाऊस पडला आणि सकाळी ती म्हणाली, "आजोबा, माझी उशी ओली आहे." सूनबाईंना वाटलं, पोरीने पाणी सांडलं. मी कोपऱ्यातल्या भिंतीला तळहात लावला. कोकणात वाढलेल्या माणसाला ओल हाताला कळते, त्याला पदवी लागत नाही.

घरी आल्यावर चिरंजीवांनी एका वर्कशॉपला फोन केला. आकडा ऐकून फोन ठेवला आणि म्हणाले, "बाबा, आपणच करू."

या गाड्यांचं छप्पर पत्र्याचं असेल अशी माझी समजूत होती. तसंही असतं, पण आमचं रबराचं निघालं. खाली प्लायवूड आणि त्यावर चिकटवलेली ईपीडीएम नावाच्या कृत्रिम रबराची चादर. उन्हाने या रबराचा वरचा थर हळूहळू भुकटी होतो. चिरंजीव पहिल्यांदा शिडीवरून उतरले तेव्हा त्यांचे तळवे पांढरेफटक होते. मी बोट लावून पाहिलं. छत्तीस वर्षं फळ्यापुढे काढलेल्या माणसाला ती भुकटी ओळखायला कितीसा वेळ लागणार? खडूच! गंमत म्हणजे इंग्रजीतही या प्रकाराला 'चॉकिंग' असंच म्हणतात. पावसात हेच दूध गाडीच्या अंगावर ओघळतं आणि पांढरे पट्टे उमटतात.

रंगाचा डबा उघडायच्या आधीचंच काम जास्त. छप्पर दोनदा धुतलं. माझ्याकडे खालची ड्यूटी होती: रबरी नळी धरून गाडीच्या बाजू सतत ओल्या ठेवायच्या, म्हणजे वरून येणारं दूध वाळून चिकटत नाही. एक जुना डाग निघेना, तेव्हा मी खालून सल्ला दिला, "रॉकेल लाव!" आमच्याकडे सगळ्या डागांवर तोच उपाय. चिरंजीव वरून जवळजवळ ओरडलेच. पेट्रोल, रॉकेल यांनी हे रबर फुगतं आणि कायमचं बिघडतं म्हणे. शिक्षकाला विद्यार्थ्याने गप्प केलं की बरं वाटतं, हे खोटं आहे, मला अजिबात बरं वाटलं नाही :)

मग सांधे. टपावर हवेची झडपं, न्हाणीघराचं काचेरी छत, फ्रीजचं धुराडं, एसी अशा सतराशे साठ वस्तू बसवलेल्या असतात आणि पाणी नेहमी त्यांच्या कडेने किंवा पुढच्या-मागच्या जोडपट्टीतून शिरतं, सपाट चादरीतून क्वचित. तिथे एक विशिष्ट लुकण भरतात. ते आपोआप सपाट पसरून स्क्रूच्या डोक्यांवर बसतं. जुनं लुकण घट्ट असेल तर त्याच्यावरच नवं भरलेलं चालतं. पण आधीच्या मालकाने पुढच्या जोडपट्टीवर सिलिकॉन फासून ठेवलं होतं. सिलिकॉनवर सिलिकॉनशिवाय दुसरं काहीच धरत नाही. ते प्लास्टिकच्या पट्टीने खरवडण्यात चिरंजीवांचे दोन शनिवार-रविवारांतले निम्मे तास गेले. त्या माणसालाही 'तात्पुरतं लावून ठेवू, पुढच्या वर्षी नीट करू' असंच वाटलं असणार.

त्या सिलिकॉनखालीच रोग होता. डावीकडच्या पुढच्या कोपऱ्यात प्लायवूड चहात बुडवलेल्या बिस्किटासारखं झालेलं. चादर चिरून, उलटी दुमडून, दीड वीत कुजका भाग कापून काढला, पंखा लावून दोन दिवस सुकवला. नवा तुकडा बसवताना चादर वर धरून ठेवायला दुसरा माणूस हवा होता. 'ही' आणि सूनबाई वाणसामान आणायला गेल्या होत्या. मी चढलो. वय ७४. मागच्या शिडीने, एकेक पायरी, आणि वर गेल्यावर फळीवरून चक्क रांगत. ही गोष्ट 'हिला' हा लेख वाचूनच कळणार आहे.

आता जे लिहितो ते आमच्या घरच्या मंडळींनी जरा सावकाश वाचावं.

आपलं गावचं घर २००५ च्या पावसात पडलं. २६ जुलैच्या त्या पावसाने पाडलं, असं मी सगळ्यांना सांगत आलो, आणि सगळ्यांनी ते मानलं, कारण त्या पावसावर काहीही खपून जात होतं. आबा होते तोवर दर वैशाखात घर शाकारलं जायचं. फुटकी कौलं बदलायची, कुजलेल्या रिपा काढायच्या, कोने नीट बसवायचे. आबा वर आणि मी खालून कौलं फेकणारा. आबा १९९८ ला गेले. पुढची काही वर्षं मी मे महिन्यात जाऊन माणसं लावून ते करून घेत होतो. २००३ ला गेलो नाही. २००४ ला चिरंजीवांनी पहिल्या पगारातून घराच्या छपरासाठी पंचवीस हजार पाठवले. पैसे बँकेतच राहिले. अडचण काही नव्हती. उन्हाळा होता, माणसं मिळत नव्हती, पेपर तपासायचे होते, असं काहीबाही. मृग लागल्यावर त्याचा फोन आला, "बाबा, छपराचं झालं का?" मी म्हणालो, "हो, झालं."

दोन पावसाळे फुटक्या कौलांतून पाणी वाशांच्या टोकांत मुरत होतं. २६ जुलैने शेवटचा हात लावला, इतकंच. २००७ ला जागा विकली, तेव्हा सह्या करताना चुलतभाऊ माझंच सांत्वन करत होते.

हे सगळं मी त्या टपावर, हातात रबराची चादर धरून सांगितलं. का, ते विचारू नका. कुजलेल्या लाकडाचा वास सगळीकडे सारखाच असतो. चिरंजीव स्क्रू पिळत होते. मान वर न करता म्हणाले, "मला माहीत होतं. काकूने तेव्हाच सांगितलं होतं."

"मग बोलला नाहीस?"

"तुम्ही बोलाल असं वाटलं." थोडं थांबून म्हणाले, "तो पट्टा द्या."

मी ब्यूटाईलचा चिकट पट्टा दिला. त्याने तो चिरेवर बसवून रुळाने दाबला. वीस वर्षं, मंडळी! मी आणखी काही बोलणार होतो, पण तेवढ्यात सूनबाईंची गाडी वळणावर दिसली आणि मला उतरायची घाई झाली.

रंगाचं काम त्यामानाने सोपं. दव वाळल्यावर सुरुवात करायची आणि संध्याकाळचं दव पडायच्या आत थर सुकला पाहिजे. पारा ५० फॅरनहाइटच्या, म्हणजे आपल्या १० अंशांच्या, खाली जाता कामा नये. पुढून सुरू करून मागे शिडीकडे सरकत यायचं, नाहीतर माणूस ओल्या रंगात अडकून बसतो. पहिला हात शनिवारी, दुसरा रविवारी, मिळून चार गॅलन. आता ते पांढरं छप्पर वरच्या मजल्याच्या खिडकीतून लख्ख दिसतं.

गुरुवारी रात्रभर पाऊस झाला. पहाटे साडेपाचला मी खाली गेलो तर चिरंजीव आधीच माळ्यावर आडवे होऊन कोपऱ्याला तळहात लावून पाहत होते. मीही हात लावला. कोरडं होतं. मग दोघांनी चहा घेतला.

सांधे वर्षातून दोनदा तरी तपासावे लागतात. पुढची तपासणी एप्रिलमध्ये. तेव्हा आम्ही पुण्यात असू. मी फोन करून विचारीन, "छपराचं झालं का?" हो म्हणाला, तर म्हणेन, फोटो पाठव.